सोनं गहाण ठेवताय? आधी परवाना वाचा : सावकारीचा परवाना कोणाला मिळतो, कोणाला नाही आणि त्याचा कास्तकाराशी काय संबंध

वणी : मृग लागला की तालुक्यातल्या बऱ्याच घरांत एकच बोलणं सुरू होतं. बी-बियाणं आणायचं, खताची बॅग आणायची, मजुराचा हप्ता द्यायचा; बँकेचं पीककर्ज मंजूर आहे पण हातात नाही, किंवा जुनं थकीत असल्याने मिळणारच नाही. मग कपाटातली पोत, पाटल्या किंवा एकदाणी फडक्यात बांधून सराफ्याची वाट धरली जाते. कापूस विकला की सोडवून आणू, असा हिशेब असतो.

या व्यवहारात बहुतेकांची नजर दोनच गोष्टींवर असते. तोळ्याला किती देतो आणि शेकडा किती घेतो. समोरच्याला गहाण घ्यायचा परवाना आहे का, असला तर कोणत्या क्षेत्राचा आणि कधीपर्यंतचा, हे फारसं कोणी विचारत नाही. पण पुढे भानगड झाली, तर दागिना परत मिळणार की नाही हे बहुतेक वेळा याच प्रश्नांवर ठरतं. म्हणून परवान्याचे नियम हे सावकाराच्याच कामाचे आहेत असं समजू नये. ते गहाण ठेवणाऱ्याच्या जास्त कामाचे आहेत.

कायदा कोणता

राज्यात सध्या 'महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४' लागू आहे. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकारी कायदा होता. विदर्भ मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये; त्याआधी आपल्या भागात मध्य प्रांत-वऱ्हाडाचा १९३४ चा सावकारी कायदा होता. म्हणजे परवान्याची अट काही आजची नाही. २०१४ च्या कायद्याने ती कडक केली, शिक्षा वाढवली आणि सावकाराने लाटलेली जमीन परत मिळवायचा रस्ता शेतकऱ्याला दिला.

या कायद्याचं काम पोलीस ठाण्यातून नाही, सहकार खात्यातून चालतं. राज्याचे सहकार आयुक्त हे महानिबंधक, विभागात विभागीय सहनिबंधक, जिल्ह्यात जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्यात सहायक निबंधक, अशी उतरंड आहे. वणीच्या माणसासाठी पहिली पायरी म्हणजे तालुक्याचं सहायक निबंधक, सहकारी संस्था हे कार्यालय. त्यावर यवतमाळचे जिल्हा उपनिबंधक आणि त्यावर अमरावती विभाग.

परवाना कोणाला लागतो

व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला. दागिना, भांडं, गाडी, जमीन असं काही तारण ठेवून दिले काय आणि नुसत्या चिठ्ठीवर दिले काय, दोन्हीला परवाना लागतो. सराफाचं दुकान आहे, जीएसटी क्रमांक आहे, नगरपालिकेची पावती आहे, म्हणून त्याला गहाण घेता येतं असं नाही. सोनं विकणं हा एक धंदा आणि सोन्यावर पैसे देणं हा दुसरा. दुसऱ्यासाठी सावकारीचा वेगळा परवाना हवा.

बँका आणि सहकारी संस्था यांना हा परवाना लागत नाही. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. सोनेतारण कर्ज देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांचंही तेच. राज्यांचे सावकारी कायदे अशा कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळच्या एका प्रकरणात दिला. त्यामुळे अशा कंपनीविरुद्धची तक्रार सहायक निबंधकाकडे नेऊन उपयोग नाही. ती आधी कंपनीकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावी लागते.

परवाना कसा मिळतो

अर्ज सहायक निबंधकाकडे करायचा. एकट्या माणसाचा धंदा असेल तर त्याचं नाव-पत्ता, एकत्र कुटुंबाचा असेल तर कर्त्याचं आणि सज्ञान हिस्सेदारांची नावं, कंपनी असेल तर संचालकांची आणि कारभार पाहणाऱ्याची नावं द्यावी लागतात. धंदा कुठे करणार, भांडवल किती, आधी परवाना होता का, हेही लिहावं लागतं. सहायक निबंधक चौकशी करून आपला अहवाल जोडतात आणि अर्ज जिल्हा निबंधकाकडे पाठवतात. परवाना द्यायचा की नाही हे जिल्ह्याला ठरतं.

परवान्यावरच्या तीन गोष्टी गहाण ठेवणाऱ्याने वाचायलाच पाहिजेत :

१. नाव. परवाना ज्याच्या किंवा ज्या पेढीच्या नावाने आहे, त्यानेच कर्ज द्यायचं. काकाच्या परवान्यावर पुतण्याने वेगळं दुकान थाटून गहाण घेणं चालत नाही.

२. क्षेत्र. परवान्यात लिहिलेल्या क्षेत्रातच धंदा करता येतो. वणीच्या क्षेत्राचा परवाना घेऊन मारेगाव, झरी जामणी किंवा नदीपलीकडे वरोऱ्यात कर्ज वाटणं हे परवान्याच्या बाहेरचं काम झालं.

३. तारीख. परवाना ३१ मार्चपर्यंतच असतो. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला परवाना पाच वर्षांपूर्वीचा असेल तर तो कागद म्हणजे निव्वळ शोभा.

कोणाला नाकारतात

अर्ज आला की परवाना दिलाच पाहिजे असं नाही. पुढील कारणांवरून तो नाकारता येतो :

- अर्जाबाबतच्या कायद्यातल्या आणि नियमांतल्या अटी पुऱ्या केलेल्या नसणं.
- आधीच्या परवान्याच्या काळात कायद्याच्या अटी जाणूनबुजून मोडलेल्या असणं.
- सावकारीच्या धंद्यात लबाडी किंवा फसवणूक केल्याचा, किंवा दुसऱ्याच्या लबाडीत साथ दिल्याचा पुरावा असणं.
- मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यात, म्हणजे चोरी, अपहार, फसवणूक, चोरीचा माल घेणे अशात, किंवा खोटे दस्तऐवज आणि खोटे हिशेब करण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेलं असणं.

ही अट अर्जदारापुरती नाही. धंद्याचा कारभार जो पाहणार आहे त्यालाही ती लागू आहे. समोर स्वच्छ माणूस बसवून मागून दुसऱ्यानेच कारभार हाकू नये, हा त्यामागचा हेतू. नाकारल्यास त्याविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

गावकऱ्यांच्या दृष्टीने यातली गोम अशी की चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला गावातली माहिती गावकऱ्यांकडूनच मिळते. कोणी कोरे कागद सह्या करून घेत असेल, दागिना परत देत नसेल, आणि त्याबद्दल एकही लेखी तक्रार कार्यालयात नसेल, तर चौकशीत त्याच्याविरुद्ध काहीच निघत नाही आणि नूतनीकरण होऊन जातं. तोंडी बोलणं फाइलला लागत नाही.

व्याज किती

राज्य सरकारने सप्टेंबर २०१४ मध्ये परवानाधारक सावकारांसाठी व्याजाची मर्यादा ठरवून दिली. ती अशी :

- शेतकरी, तारण ठेवून : वर्षाला ९ टक्के
- शेतकरी, विनातारण : वर्षाला १२ टक्के
- इतर, तारण ठेवून : वर्षाला १५ टक्के
- इतर, विनातारण : वर्षाला १८ टक्के

हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. बाजारात बोलतात ते 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन रुपये, वर्षाला ३६ टक्के. फरक किती पडतो ते हिशेबाने पाहू. समजा एका कास्तकाराने जूनमध्ये पाटल्या ठेवून ४० हजार घेतले आणि कापूस विकून आठ महिन्यांनी सोडवले. ९ टक्क्यांनी व्याज होतं २ हजार ४०० रुपये. शेकडा तीनने होतं ९ हजार ६०० रुपये. फरक ७ हजार २०० रुपयांचा, आणि हा फरक थेट कापसाच्या पैशातून जातो.

व्याजावर व्याज लावायला मनाई आहे. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुनी माणसं 'दामदुप्पट' म्हणतात तो हाच नियम. म्हणजे वरच्या उदाहरणात किती का वर्षं जाईनात, ४० हजार मुद्दलावर व्याज ४० हजारांच्या वर जाऊ शकत नाही.

व्याजदर शेतकऱ्याचा लावायचा तर आपण शेतकरी आहोत हे कागदावर यायला हवं. व्यवहार करताना सातबाऱ्याची प्रत द्यावी आणि पावतीवर 'शेतकरी' अशी नोंद मागावी.

गहाण की मोड? कागद काय म्हणतो ते पाहा

सर्वात मोठी फसगत इथे होते. ठेवणारा म्हणतो, मी गहाण ठेवलं. दुकानातून मिळालेला कागद म्हणतो, जुना दागिना मोडीत विकत घेतला. म्हणजे कागदोपत्री व्यवहार जुन्या मालाच्या खरेदीचा झाला. व्याज नाही, मुदत नाही, परवान्याचा प्रश्न नाही, आणि सोडवायला गेलं की उत्तर तयार असतं की तो तर तुम्ही विकला होता.

कायद्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. विकला की मालकी गेली. गहाण ठेवला की मालकी ठेवणाऱ्याचीच राहते, ताबा फक्त घेणाऱ्याकडे जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार मुदत टळली तरी गहाण वस्तू विकण्याआधी ठेवणाऱ्याला वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते. आणि वस्तू प्रत्यक्षात विकली जाईपर्यंत पैसे भरून ती सोडवण्याचा हक्क कायम असतो. 'तारीख गेली, आता माल आमचा' असं म्हणता येत नाही.

म्हणून पावती हातात घेतली की आधी हा शब्द शोधायचा : खरेदी, मोड, विक्री लिहिलंय की गहाण, तारण? 'खरेदी' लिहिलं असेल तर सही करू नये. चांगल्या पावतीवर दागिन्याचं वर्णन, नग, वजन, दिलेली रक्कम, तारीख, व्याजदर, मुदत आणि सावकाराचा परवाना क्रमांक असतो. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक दागिन्यावर असेल तर तोही लिहून घ्यावा. परत मिळालेला दागिना आपलाच आहे का, हे त्यावरून कळतं. ठेवण्याआधी मोबाइलवर दागिन्याचा फोटो काढून ठेवला तर तोही कामी येतो.

पैसे भरले की प्रत्येक वेळी पावती घ्यायची. रोकडवही आणि खातेवही ठेवणं, कर्जदाराला हिशेब देणं ही सावकाराची जबाबदारी आहे. रक्कम न लिहिलेल्या कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही घेणं हा कायद्याने गुन्हा आहे. वसुलीसाठी धाकदपटशा करणं, घरी-शेतात पाठलाग करणं हाही गुन्हा आहे.

२०१५ ने काय शिकवलं

परवान्यातलं 'क्षेत्र' हा शब्द किती महाग पडू शकतो ते विदर्भाने पाहिलं आहे. सरकारने १० एप्रिल २०१५ रोजी निर्णय काढून विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी परवानाधारक सावकारांकडून घेतलेलं कर्ज माफ करायचं ठरवलं. सावकाराचे पैसे सरकार देणार आणि सावकार तारण शेतकऱ्याला परत करणार, अशी योजना होती.

पण कर्ज परवानाधारकाचंच हवं होतं. ज्यांनी बिनपरवाना सावकाराकडे दागिना ठेवला होता, ते योजनेच्या बाहेर राहिले. दुसरी अडचण क्षेत्राची निघाली. सावकाराचा परवाना एका तालुक्याचा आणि कर्जदार शेजारच्या तालुक्यातला, अशी खाती अडकली. परवाना खरा, कर्ज खरं, दागिना खरा, पण क्षेत्राबाहेरचं कर्ज म्हणून शेतकरी अपात्र. पुढे सरकारला ही अट शिथिल करावी लागली, पण तोवर वर्षं गेली. बाजाराला ज्या गावी जातो तिथेच माणूस उधार-उसनवार करतो, तालुक्याची हद्द पाहून नाही. तरीही कागदाला हद्द कळते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

परवाना नसेल तर

बिनपरवाना सावकारी करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कर्ज देताना वैध परवाना नव्हता असं दिसलं तर त्या वसुलीच्या दाव्यात न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. तक्रार आल्यावर अधिकाऱ्यांना दुकान-घराची तपासणी करता येते, कागदपत्रं ताब्यात घेता येतात. बिनपरवाना माणसाकडे गहाण वस्तू सापडल्या तर त्या मूळ मालकाला परत देण्याची तरतूद कायद्यात आहे.

जमिनीसाठी तर वेगळं कलम आहे. कर्जाच्या बदल्यात सावकाराने विक्रीखत, इसार, भाडेपट्टा किंवा अन्य कागद करून शेत आपल्या नावे केलं असेल, तर कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून मागे १५ वर्षांतल्या व्यवहारांची चौकशी होऊ शकते. विक्री ही खरी विक्री नसून कर्जाचं तारण होती असं सिद्ध झालं तर तो दस्त रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढता येतो. आदेश मान्य नसेल त्याला एक महिन्यात विभागीय निबंधकाकडे अपील करता येतं. १५ वर्षांची मर्यादा ध्यानात ठेवावी. 'पाहू पुढच्या हंगामात' करता करता ती निघून जाते.

सोनेतारण कंपनीकडे ठेवलं असेल तर

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जाचे नवे नियम काढले. त्यानुसार कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा आहे. देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई ठेवली आहे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. बँका-कंपन्यांना हे नियम लागू करण्यासाठी १ एप्रिल २०२६ ची मुदत दिली होती. खासगी सावकाराला हे नियम लागू नाहीत.

जुनी गाडी, मोबाइल, भंगार

दागिन्यानंतर अडीअडचणीला निघते ती मोटारसायकल. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र लागतं; ते पाच वर्षं चालतं. अशा डीलरला गाडी देताना मालकाने 'नमुना २९ क' भरून परिवहन खात्याला ऑनलाइन कळवायचं असतं. तसं कळवलं की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. नाही कळवलं तर एमएच २९ ची गाडी कुठल्या अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली तरी पहिला फोन मूळ मालकालाच येतो.

जुना मोबाइल घेताना केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआयचा १५ अंकी क्रमांक (इंग्रजीत) लिहून १४४२२ वर एसएमएस केला तर तो संच काळ्या यादीत आहे का ते कळतं. भंगारवाल्यांनी आणि जुना माल घेणाऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार किंवा केबल कोणी विकायला आणली तर ओळखपत्र आणि माल कुठला हे विचारूनच घ्यावी. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला जागा असून माल घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा धंदाच करणाऱ्याला शिक्षा त्याहून फार मोठी आहे.

तक्रार कुठे, कशी

- सावकाराचा परवाना चालू आहे का, क्षेत्र कोणतं, हे सहायक निबंधक कार्यालयात विचारावं. परवानाधारकांची नोंदवही तिथे असते.
- तक्रार लेखी द्यावी. तारीख, रक्कम, दागिन्याचं वर्णन-वजन, काय व्याज घेतलं, कोण साक्षीला होतं, सगळं लिहावं. पावती, चिठ्ठी, फोन-पेचा व्यवहार, संदेश याच्या प्रती जोडाव्यात.
- दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार ही तक्रार धरू नये.
- जमिनीचा अर्ज यवतमाळला जिल्हा उपनिबंधकांकडे. सोबत सातबारा, फेरफार आणि दस्ताची नक्कल.
- धमकी, मारहाण, घरात घुसणं असं काही असेल तर वाट न पाहता पोलीस ठाणे किंवा ११२.

पावती नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. अधिकाऱ्याला तपासणीत वह्या, चिठ्ठ्या आणि प्रत्यक्ष दागिने सापडू शकतात. एकाच सावकाराविरुद्ध चार-पाच जणांनी वेगवेगळ्या तक्रारी दिल्या तर प्रत्येकाचं म्हणणं दुसऱ्याला आधार देतं.

पेरणीच्या घाईत दुकानात उभं राहून परवाना मागायला संकोच वाटतो, हे खरं. पण ज्याच्याकडे तो आहे त्याला दाखवायला काहीच अडचण नसते. ज्याला राग येतो, त्याच्याकडे पाटल्या सोडून येण्याआधी शेजारचं दुकान पाहिलेलं बरं.